स्ट्रेच मार्क्स टाळण्यासाठी तेल आणि क्रीम: खर्च करावा की नको?

मोगरा_इंदिरानगर (धागाकर्ती)

नमस्कार. मला सध्या पाचवा महिना चालू आहे आणि ही माझी पहिलीच खेप आहे. नुकताच कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गरोदर स्त्रियांसाठीचा एक संच पाहिला. पोटाला लावायचे क्रीम, रात्री चोळायचे तेल आणि अंगाला लावायचे बटर असे तीन प्रकार त्यात होते, किंमत तीन हजारांच्या घरात होती आणि खोक्यावर 'स्ट्रेच मार्क्सना प्रतिबंध' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. "आत्ता सुरुवात केली नाही तर नंतर काही उपयोग नाही," असे तिथल्या विक्रेत्या ताईंनी इतक्या गंभीरपणे सांगितले की मी पर्स उघडलीच होती.

सासूबाईंच्या मते लाकडी घाण्याचे खोबरेल पुरेसे आहे. आईच्या मते काहीही लावले तरी व्हायचे ते होतेच. माझ्या डॉक्टरबाई तपासणीच्या गर्दीत "लावायचे तर लावा" एवढेच म्हणाल्या. मला जाणून घ्यायचे आहे ते असे: या प्रसाधनांनी खुणा खरोखर टळतात का, टळत नसतील तर त्यांचा दुसरा काही उपयोग आहे का, आणि गरोदरपणात त्वचेला काय लावू नये. ज्यांनी लावले त्यांनी तर लिहावेच, पण ज्यांनी काहीच लावले नाही त्यांनीही आवर्जून लिहावे, कारण 'लावले आणि एकही रेघ उमटली नाही' अशाच कहाण्या सगळीकडे वाचायला मिळतात.

निफाडकरीण

माझ्या दोन्ही खेपा निफाडच्या थंडीतल्या आहेत. पहिल्या वेळी सासूबाईंनी रोज रात्री कोमट खोबरेल लावून घेतले. दुसऱ्या वेळी घरात द्राक्षांची खुडणी चालू होती, मजुरांचे चहापाणी माझ्याकडे होते, त्यामुळे अंगाला तेल लावायची शुद्ध कुणाला होती! दोन्ही वेळी पोटावर एकही रेघ उमटली नाही. माझ्या आईच्या पोटावरही नाही.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना मात्र त्याच घरात, त्याच बरणीतले तेल लावूनही पोटापासून मांड्यांपर्यंत जांभळ्या रेघा उमटल्या. त्यांच्या आईलाही तशाच होत्या, असे नंतर बोलण्यात आले. तेव्हापासून कुणी तेलाचे गुण गाऊ लागले की मी आधी त्यांच्या आईची चौकशी करते.

खडीसाखर

तेल त्वचेत किती मुरले आणि चादरीत किती मुरले, याचाही हिशेब या निमित्ताने कुणीतरी मांडावा.

बदामी_रंग

मी निफाडकरीण ताईंशी सहमत नाही. माझ्या आईच्या पोटावर भरपूर खुणा आहेत, म्हणजे त्यांच्या तर्काप्रमाणे मलाही पडायला हव्या होत्या. मी चौथ्या महिन्यापासून रोज झोपण्यापूर्वी बदाम तेलाने हलक्या हाताने मालिश केली आणि माझ्या पोटावर काहीही उमटले नाही, कमरेच्या बाजूला दोन पुसटशा रेघा आहेत तेवढ्याच. अनुवंशिकता आहे म्हणून हात जोडून बसावे, हे मला पटत नाही. तीन हजारांचा संच घेऊ नये हे मान्य, पण तेलाला एकदम निकालात काढू नये.

त्वचा_आणि_तर्क

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि नाशिकमध्येच काम करते. विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्याने थोडे सविस्तर लिहिते.

स्ट्रेच मार्क्स त्वचेच्या वरच्या थरात तयार होत नाहीत. त्याखालच्या जाड थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन यांच्या तंतूंचे जाळे असते, ते ताणामुळे आणि गरोदरपणातल्या संप्रेरकांच्या परिणामामुळे ठिकठिकाणी तुटते, आणि तुटलेल्या जागी शरीर जी डागडुजी करते ती आपल्याला रेघ म्हणून दिसते. सुरुवातीला ती लालसर किंवा जांभळी असते, पुढे फिकट होऊन पांढुरकी आणि थोडी खोलगट होते. आपण जे तेल किंवा क्रीम लावतो ते मुख्यतः सर्वांत वरच्या थरात राहते आणि तिथला ओलावा टिकवते. अस्तर उसवले असता वरून इस्त्री फिरवून जेवढा उपयोग होतो तेवढाच इथे होतो.

निरनिराळ्या अभ्यासांत साधारणपणे ५० ते ९० टक्के गरोदर स्त्रियांना या खुणा पडल्याचे आढळले आहे, म्हणजे खुणा पडणे हेच अधिक सामान्य आहे. बहुतेकींना त्या सहाव्या-सातव्या महिन्यानंतर दिसू लागतात. आईला किंवा बहिणीला असणे, गर्भवतीचे वय कमी असणे, आधीचे वजन जास्त असणे, गरोदरपणात वजन भराभर वाढणे, बाळ मोठे असणे, जुळी असणे किंवा गर्भजल जास्त असणे, या गोष्टींनी शक्यता वाढते.

प्रसाधनांच्या चाचण्यांबद्दल. 'कोक्रेन' या संस्थेने २०१२ मध्ये अशा लेपांवरच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, त्यांत ८०० स्त्रिया होत्या. लेप लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या स्त्रियांमध्ये खुणा पडण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या कोको बटरचा एवढा गाजावाजा होतो, त्याच्या लेबनॉनमध्ये आणि जमैकामध्ये स्वतंत्र चाचण्या झाल्या, आणि दोन्हींत कोको बटर नसलेले साधे क्रीम लावणाऱ्या स्त्रियांइतक्याच खुणा कोको बटर लावणाऱ्यांना पडल्या. ऑलिव्ह तेलाचीही गोष्ट तीच आहे. मंडूकपर्णीच्या अर्काच्या क्रीमबद्दल एका जुन्या चाचणीत थोडा अनुकूल निष्कर्ष होता, परंतु त्यावर विसंबून कुणाला खात्री द्यावी इतका पुरावा नाही.

बदामी_रंग यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्यायाचे ठरेल. तुर्कस्तानात २०१२ मध्ये पहिलटकरणींवर झालेल्या एका अभ्यासात कडू बदामाचे तेल लावून मालिश करणाऱ्या गटात सुमारे २० टक्के स्त्रियांना खुणा पडल्या, नुसते तेल लावणाऱ्यांमध्ये ३९ टक्क्यांच्या आसपास आणि काहीच न लावणाऱ्यांमध्ये ४१ टक्क्यांच्या आसपास.

बदामी_रंग

म्हणजे मी बरोबरच होते! मालिशमुळे फरक पडतो, असे तुम्हीच लिहिले आहे.

त्वचा_आणि_तर्क

मालिशमुळे फरक पडत असण्याची शक्यता आहे, असे मी लिहिले आहे. तो एकच लहान अभ्यास आहे आणि आपण मालिश करतो आहोत हे करणाऱ्या स्त्रीला ठाऊक असतेच. ज्या स्त्रिया रोज वेळ काढून पोटाला तेल चोळतात, त्या आहार आणि वजन यांकडेही अधिक लक्ष देत असतील, हे नाकारता येत नाही. परंतु त्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: नुसत्या तेलाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणून काही श्रेय द्यायचेच असेल तर ते हाताला द्यावे, बाटलीला नको. हलक्या हाताने मालिश करण्यात सहसा धोका नसतो, मात्र रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल किंवा मुदतीपूर्वी कळा येत असतील तर प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय पोट चोळू नये.

सातपूर_दुसरी_पाळी

मी पुरुष आहे, म्हणून या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला. माझ्या दोन्ही खांद्यांवर आणि काखेजवळ अशाच रेघा आहेत आणि त्या व्यायामशाळेत जाऊ लागल्यावर उमटल्या. आमच्या सौभाग्यवती सात महिन्यांच्या गरोदर आहेत आणि त्यांच्या पोटावर अजून काही नाही. त्यामुळे आमच्या घरात सध्या बदाम तेल मला लावावे की त्यांना, यावर चर्चा चालू आहे.

खडीसाखर

दोघांनी एकमेकांना लावावे, वाद आपोआप मिटेल.

बोरीचे_झाड

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, पंचवटीत चिकित्सालय आहे. या विषयावर चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात थोडे पण फार मार्मिक लिहिलेले आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस उगवतात म्हणून आईला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात, अशी लोकांची समजूत तिथे नोंदवली आहे आणि भगवान आत्रेयांना ती मान्य नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. त्यांच्या मते वाढत्या गर्भाच्या दाबामुळे दोष वर उराकडे सरकतात, त्यातून विदाह होतो, विदाहातून खाज सुटते आणि खाजेतून 'किक्किस' म्हणजे या रेघा निर्माण होतात. ताण हे मूळ कारण इतक्या जुन्या काळी ओळखले गेले होते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

उपाय म्हणून बोराच्या काढ्याबरोबर मधुर औषधींनी सिद्ध केलेले लोणी थोड्या प्रमाणात घ्यावे आणि स्तनांवर व पोटावर चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप लावावा, असे सांगितले आहे. त्वचा फाटून विरूप होऊ नये म्हणून खाजवू नये, आणि खाज असह्यच झाली तर नखे न लावता चोळावे, असा सल्लाही आहे. हे वाचून कुणी घरच्या घरी काढे करू नयेत, ही विनंती. गरोदरपणात कोणतेही औषध, मग ते आमचे असो वा आधुनिक, तज्ज्ञाला विचारूनच घ्यावे.

गोदाकाठची_आजी

वैद्यबुवांनी आत्रेयांचा दाखला दिला हे बरे झाले, कारण मी ही जावळाची गोष्ट तीन पिढ्या ऐकत आले आहे. माझ्या थोरल्याच्या वेळी छातीत इतके जळजळत असे की शेजारच्या बायकांनी "जावळ खांद्यापर्यंत असणार" असे भाकीत केले होते, आणि मुलगा जन्मला तो टक्कल घेऊनच.

आमच्या वेळी पोटावर रेघा पडत नसत असे मुळीच नाही. नऊवारीच्या आत काय आहे हे नवऱ्यालाही धड दिसत नसे, त्यामुळे त्याची चर्चा होत नसे, एवढेच. आता डोहाळेजेवणाच्या आधी सोमेश्वरच्या धबधब्यापाशी नाहीतर द्राक्षांच्या मळ्यात जाऊन पोटाची छायाचित्रे काढतात, तेव्हा रेघांची काळजी वाटायचीच. काढावीत, हौस असावी. परंतु छायाचित्रकार त्या रेघा संगणकावर पुसून टाकतात असे माझ्या नातीनेच मला सांगितले. मग तीन हजारांचे क्रीम कशाला, छायाचित्रकारालाच दोनशे रुपये जास्त द्यावेत.

वर्गातली_मागची_बाक

आजींना एक गमतीची माहिती. जळजळ आणि जावळ यांचा संबंध नाही हे दाखवण्यासाठी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ६४ गर्भवतींचा अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष उलटाच निघाला. ज्यांना छातीत जास्त जळजळ होत होती त्यांच्या बाळांना खरोखरच जास्त केस होते! गरोदरपणातली संप्रेरके जठराच्या तोंडावरचा स्नायू सैल करतात आणि केसांच्या वाढीवरही परिणाम करतात, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले होते. अर्थात तिथे प्रश्न छातीतल्या जळजळीचा होता, पोटाच्या त्वचेचा नव्हता.

गोदाकाठची_आजी

म्हणजे शेजारच्या बायका बरोबर आणि माझा मुलगा चुकला. त्याला आज कळवते.

मेनरोडचा_औषधवाला

मूळ धाग्यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही, म्हणून दुकानातल्या अनुभवावरून लिहितो. खोक्याच्या पुढच्या बाजूला काय छापले आहे ते वाचू नये, मागच्या बाजूची घटकद्रव्यांची यादी वाचावी. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालिन ही जीवनसत्त्व 'अ'च्या कुळातली द्रव्ये गरोदरपणात टाळावीत. 'त्वचा घट्ट करणारे' किंवा 'वयाच्या खुणा कमी करणारे' असे लिहिलेल्या बऱ्याच क्रीममध्ये ती असतात. स्ट्रेच मार्क्ससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तेलांतही रेटिनिल पाल्मिटेट नावाने हेच कुळ थोड्या प्रमाणात सापडते, तेव्हा यादी पाहून डॉक्टरांना विचारावे. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी शोषले जाते, म्हणून तेही नको. सॅलिसिलिक आम्लाचे जास्त तीव्रतेचे लेप मोठ्या भागावर लावू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोरेपणासाठी मागितल्या जाणाऱ्या ट्यूब. काहींमध्ये स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडयुक्त मलमांचा समावेश अनुसूची 'एच'मध्ये केला, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही "मागच्या वेळी दिली होती तीच द्या" असे म्हणणारे ग्राहक येतात. गरोदरपणात मांडीच्या सांध्यात किंवा पोटाच्या घडीत खाज आली की घरात पडलेली अशीच ट्यूब लावली जाते. तिच्यातले स्टेरॉइड त्वचा पातळ करते आणि त्यामुळेच नव्या रेघा उमटू शकतात. ज्या गोष्टीची भीती वाटते तीच गोष्ट पैसे देऊन विकत आणल्यासारखे होते.

'नैसर्गिक' किंवा 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले' या शब्दांनी हुरळून जाऊ नये. तपासलेले म्हणजे बहुधा पुरळ येते का हे पाहिलेले असते, रेघा टळतात का हे नव्हे.

सातपूर_दुसरी_पाळी

व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने मला एक मलम सुचवले होते. ते तुमच्या त्या १४ जणांपैकी आहे की काय ते आता पाहतो.

देवळालीची_पारिजात

मी आठव्या महिन्यात आहे. पोटावर रेघा फारशा नाहीत, पण गेल्या काही दिवसांपासून खाज इतकी सुटते की रात्री झोप लागत नाही. पोटापेक्षा तळहात आणि तळपाय जास्त खाजतात, पुरळ मात्र कुठेही नाही. खोबरेल लावून पाहिले, फरक पडला नाही. थंडीमुळे त्वचा कोरडी पडली असेल, असे घरी म्हणतात. कोणते क्रीम लावावे, हे कुणी सांगू शकेल का?

त्वचा_आणि_तर्क

पारिजात ताई, कृपया क्रीम शोधू नका. आजच तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना दूरध्वनी करून हेच शब्द सांगा: पुरळ नाही, खाज तळहात-तळपायांना आहे आणि रात्री वाढते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत यकृतातून पित्ताचा निचरा नीट न झाल्यामुळे अशी खाज सुटू शकते. रक्तातील पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी केल्यावर ते कळते. ते असल्यास बाळावर अधिक लक्ष ठेवावे लागते आणि कधीकधी प्रसूतीची वेळही त्यानुसार ठरवावी लागते. लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे असतील तर दवाखान्यात जायला जराही वेळ लावू नका. कदाचित ही साधी कोरडी त्वचाच असेल, पण ते तपासणीनंतर ठरवायचे असते.

इतरांसाठी एक फरक सांगते. शेवटच्या आठवड्यांत खुद्द रेघांवरच लाल, खाजरे पुरळ उठते, बेंबीभोवतीचा भाग सहसा मोकळा राहतो आणि हळूहळू ते मांड्यांकडे पसरते, असा एक प्रकार बहुधा पहिलटकरणींमध्ये दिसतो. तो त्रासदायक असला तरी बाळाला अपायकारक नसतो आणि प्रसूतीनंतर ओसरतो. पुरळ असलेली खाज आणि पुरळ नसलेली खाज यांत गल्लत करू नये. दाखवायचे मात्र दोन्ही वेळी.

सिन्नरची_सेविका

मी अंगणवाडीत काम करते. डॉक्टरांचे हे उत्तर मी आमच्या गटातल्या आशाताईंना पाठवले आहे, कारण गावात खाजेला कुणी आजार मानत नाही. "बाळंतपणात अंग खाजतेच" म्हणून सोडून देतात.

वजनाबद्दलही लिहायला हवे. रेघा पडू नयेत म्हणून जेवण कमी करणाऱ्या दोन मुली गेल्या वर्षी माझ्या पाहण्यात आल्या, आणि "दोन जिवांचे खायचे" म्हणून पाचव्या महिन्यापासून डिंकाचे लाडू आणि तुपाची वाटी समोर ठेवणाऱ्या सासवा तर घरोघरी आहेत. दोन्ही टोके चुकीची आहेत. आमच्या भागात रक्तक्षय असलेल्या मुली इतक्या आहेत की पोटावरच्या रेघांसाठी त्यांनी एक भाकरी कमी खावी, हे मला सहनच होत नाही.

त्वचा_आणि_तर्क

सेविका ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, आधीचे वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलो वाढ अपेक्षित असते, आधीचे वजन जास्त असेल तर सात ते साडेअकरा किलो. आपल्याकडे डॉक्टर प्रकृती पाहून यात फेरफार करतात. वाढ हळूहळू व्हावी, एवढे पथ्य त्वचेच्या दृष्टीने पुरेसे आहे.

बिनधास्त_नाशिकरोड

इतके सगळे वाचून मला एक मूलभूत प्रश्न पडला आहे. रेघा पडल्या तर पडल्या, त्यात एवढे घाबरण्यासारखे काय आहे? त्या दुखत नाहीत, आजारही नाहीत.

बदामी_रंग

घाबरण्यासारखे काही नाही, हे खरेच. तरीही बाळंतपणानंतर पहिल्यांदा आरशात पाहिल्यावर ज्या मुलीला वाईट वाटते, तिला "त्यात काय एवढे" म्हणून गप्प करणे मला योग्य वाटत नाही. माझ्या मैत्रिणीला तिच्या नणंदेने सर्वांसमोर "पोटावर नकाशा उमटला की" असे ऐकवले होते. त्यानंतर ती तलावात पोहायला गेली नाही. तिने उपाय शोधला तर तो तिचा हक्क आहे. विकणाऱ्याने खोटे सांगू नये, एवढाच मुद्दा आहे.

बिनधास्त_नाशिकरोड

मुद्दा पटला. माझा राग विकणाऱ्यांवर होता, तो भलत्याच ठिकाणी निघाला. नणंदेला मात्र भूगोलाचे पुस्तक भेट द्यावे.

उशिरा_आलेली

मला दोन वर्षांपूर्वी जुळी झाली आणि पोटावर भरपूर खुणा आहेत. प्रतिबंधाची वेळ माझ्यासाठी केव्हाच टळली आहे. पडलेल्या खुणा घालवण्यासाठी लेझरचा उपयोग होतो का? एका ठिकाणी 'शंभर टक्के' असे सांगून बरीच मोठी रक्कम सांगितली गेली.

त्वचा_आणि_तर्क

शंभर टक्के असे कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावे. रेघा लालसर असताना काही प्रकारच्या लेझरचा उपयोग अधिक होतो. पांढऱ्या झाल्यावर फ्रॅक्शनल लेझर किंवा सूक्ष्म सुयांची उपचारपद्धती वापरून त्यांचा पोत थोडा सुधारता येतो, पण त्या पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. आपल्या गव्हाळ त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून आधी लहानशा भागावर करून पाहावे. बरीचशी सुधारणा काळच करतो आणि तो पैसे घेत नाही. स्तनपान चालू असेपर्यंत ट्रेटिनॉइनसारखी मलमे स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

मोगरा_इंदिरानगर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मी आईला विचारले. तिच्या पोटावर आणि मावशीच्याही पोटावर खुणा आहेत, म्हणजे माझ्या बाबतीत शक्यता कोणत्या बाजूला आहे हे उघड आहे. तो संच मी घेणार नाही. त्वचा कोरडी पडून खाज सुटते ती थांबावी म्हणून सुवास नसलेले साधे मॉइश्चरायझर आणले आहे, अंघोळीनंतर अंग थोडे ओलसर असतानाच लावते. रात्रीची मालिश सासूबाईंच्या खोबरेलाने होते. ती खुणांसाठी आहे असे मी त्यांना वाटू देते, प्रत्यक्षात ती आम्हा दोघींच्या गप्पांची वेळ असते.

एक शंका उरली आहे. मॉइश्चरायझरच्या यादीत 'टोकोफेरिल अ‍ॅसिटेट' असे एक नाव आहे. ते रेटिनॉलच्या कुळातले आहे का?

मेनरोडचा_औषधवाला

नाही. ते जीवनसत्त्व 'ई' आहे, निर्धास्तपणे लावा.

देवळालीची_पारिजात

तपासणी झाली. पित्ताम्ले वाढलेली निघाली. औषध सुरू झाले आहे आणि आता दर आठवड्याला बाळाची तपासणी होणार आहे. डॉक्टर म्हणाल्या की वेळेवर आलात. मी इथे क्रीमचे नाव विचारायला आले होते.

त्वचा_आणि_तर्क

फार बरे केलेत. बाळाची हालचाल कमी वाटली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. पुढच्या खेपेला हाच त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून हे अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा.